दाबाखाली सिल्व्हर सिंटरिंग: पॉवर चिप सबस्ट्रेटवर जोडण्याची सविस्तर पद्धत

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तरीही तिची बारीक पूड २५० अंशांवर दाबाखाली दोन-तीन मिनिटे धरली, तर कण न वितळता एकमेकांत रुजतात आणि चिपखाली धातूचा सलग थर तयार होतो. यालाच सिंटरिंग म्हणतात. हा थर पुन्हा वितळवायचा तर ९६२ अंशच लागतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये या पद्धतीला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच. नेहमीचे शिसेविरहित सोल्डर (वितळवून जोड करायचा मिश्रधातू) २१७ अंशांपासून वितळू लागते. चिपचा जोड १७५ अंशांवर चालत असेल, तर केल्व्हिनमध्ये मोजता सोल्डर आपल्या वितळणबिंदूच्या ९१ टक्क्यांवर काम करत असते, चांदी मात्र ३६ टक्क्यांवर. उष्णतावहनातही मोठा फरक आहे. सोल्डरची वाहकता सुमारे ५५ ते ६० वॅट प्रति मीटर केल्व्हिन असते. नीट सिंटर झालेल्या चांदीची १५० ते २५० भरते आणि तिचा थरही सोल्डरपेक्षा पातळ असतो.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस सीमेन्समधील संशोधकांनी ही पद्धत मोठ्या चिप्ससाठी पुढे आणली. सिलिकॉन कार्बाइडच्या चिप्स आल्यावर तिची गरज आणखी वाढली. काम करताना लोकांचे सगळे लक्ष प्रेसवरच्या, म्हणजे गरम प्लेटांमध्ये चिप दाबणाऱ्या यंत्रावरच्या, तीन आकड्यांवर असते: दाब, तापमान, वेळ. पण खराब जोडांची कारणे शोधू लागलो की ती बहुतेक वेळा प्रेसच्या आधी सापडतात, पृष्ठभागात, सुकवणीत आणि दाब किती सारखा पसरला यात. म्हणून या लेखात जास्त जागा त्या पायऱ्यांना दिली आहे.

न वितळता जुळते कसे

बारीक कणांचा पृष्ठभाग वस्तुमानाच्या मानाने प्रचंड असतो आणि पृष्ठभाग म्हणजे साठलेली ऊर्जा. ती कमी करण्यासाठी अणू सरकतात, दोन कण टेकतात तिथे मान तयार होते आणि ती जाड होत जाते. मात्र अणूंच्या सरकण्याचे प्रकार दोन आहेत आणि दोघांचा परिणाम वेगळा. कमी तापमानाला अणू मुख्यतः पृष्ठभागावरून सरकतात. त्याने माना जाड होतात, पण कणांची केंद्रे जवळ येत नाहीत, म्हणजे थर घट्ट होत नाही. जास्त तापमानाला कणसीमांवरून (दोन कण जुळतात त्या सीमांवरून) होणारे सरकणे जोर धरते, आणि घनता वाढते ती त्यामुळे. पूड १८० ते २०० अंशांवर दाबाविना रेंगाळली, तर जोडण्यासाठीची ऊर्जा आधीच खर्च होते आणि मागाहून दिलेला दाब ताठर सांगाड्यावर पडतो. प्रेसची रेसिपी ठरवताना हा एकच मुद्दा सतत ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट सेंद्रिय आवरणाची. पूड द्रावकात कालवून पेस्टच्या रूपात वापरतात. पेस्टमधले कण एकमेकांना आधीच चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ थर दिलेला असतो. तो निघाल्याशिवाय चांदी चांदीला भेटत नाही, आणि बऱ्याच पेस्टमध्ये तो जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. हवेत उत्तम चालणारी पेस्ट नायट्रोजनमध्ये अर्धवट राहू शकते. तांब्यासाठी नायट्रोजन वापरायचा असेल, तर पेस्टही नायट्रोजनसाठी बनवलेली घ्या.

नमुन्याची रचना

पुढचे सगळे हिशेब एकाच उदाहरणावर आहेत: ५ × ५ मिमीच्या ६ सिलिकॉन कार्बाइड चिप्स, ४० × ५० मिमीच्या सिलिकॉन नायट्राइड सबस्ट्रेटवर (चिप बसवायच्या सिरॅमिकच्या पाटीवर), दोन्ही बाजूंना ०.३ मिमी तांबे. लागणारे साहित्य असे:

- दाबाच्या सिंटरिंगसाठी बनवलेली चांदीची पेस्ट
- १०० मायक्रॉन जाडीची स्टेनलेस स्टीलची स्टेन्सिल (खिडक्या कापलेला पत्रा) आणि पेस्ट ओढून पसरवणारी धातूची स्क्वीजी
- हवा खेळती राहणारा ओव्हन
- गरम हेडचे चिप ठेवण्याचे यंत्र
- वर-खाली दोन्ही प्लेट गरम होणारी प्रेस, लोड सेलसह (भार थेट मोजणारा सेन्सर)
- ५० ते १०० मायक्रॉनची पीटीएफई (उष्णता सोसणारे, न चिकटणारे प्लास्टिक) फिल्म
- दाब दाखवणारी रंगीत फिल्म
- ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- पातळ तारेचे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार)

सरावासाठी खऱ्या चिप्स वापरू नका. मागे चांदीचा लेप दिलेले सिलिकॉनचे डमी तुकडे घ्या.

पृष्ठभाग

सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे चिपच्या मागे टायटॅनियम-निकेल-चांदी आणि सबस्ट्रेटवर चांदीचा लेप. चांदीला चांदी मिळते, मध्ये दुसरा धातू येत नाही. सोन्याच्या लेपावरही जोड होतो, पण सावधपणे. चांदी आणि सोने एकमेकांत सहज मिसळतात. सोन्यालगत चांदी झपाट्याने सरकून तिथे दाट पट्टी बनते आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यात चांदी कमी पडून छिद्रांची रांग उभी राहते. सुरुवातीच्या चाचणीत हे दिसत नाही. उच्च तापमानात काही काळ ठेवल्यावर जोड नेमका त्या रांगेवर सुटतो. सोने जाड असेल तर हा धोका वाढतो, म्हणून पातळ लेप चांगला.

उघड्या निकेलवर, कथिलावर किंवा ॲल्युमिनियमवर थेट सिंटर करू नका. निकेल आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड या तापमानाला हटत नाही. कथिल २३२ अंशांना वितळून सगळी रचनाच बिघडवते.

उघडे तांबे चालते, पण ते ताजे हवे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. मग ५ ते १० टक्के सायट्रिक आम्लात एक-दोन मिनिटे बुडवा, आयनविरहित पाण्याने धुवा, नायट्रोजनने कोरडे करा आणि लगेच छपाईला घ्या. चांदीच्या लेपाची गोष्ट वेगळी. तो पिवळसर किंवा तपकिरी दिसत असेल, तर गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइड बसले आहे, आणि ते सिंटरिंगच्या तापमानाला जात नाही. असा सबस्ट्रेट बाजूला काढा. प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) सफाई करायची तर आर्गॉन वापरा. ऑक्सिजन प्लाझ्मा सेंद्रिय मळ छान काढतो, पण चांदी काळी करून ठेवतो.

तांब्याचा खडबडीतपणाही मोजून ठेवा. शिखरे आणि दऱ्यांमधले अंतर १५ मायक्रॉन असेल आणि सिंटर झालेला थर २० मायक्रॉनचा, तर शिखरांवर चांदी जेमतेम उरते. अशा वेळी स्टेन्सिल जाड घ्या.

पेस्ट आणि छपाई

पेस्ट फ्रीजमधून काढल्यावर डबी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. साधारण दोन ते चार तास लागतात. घाईने उघडली तर आत दव धरते. नंतर प्लास्टिकच्या चमच्याने एक-दोन मिनिटे हलक्या हाताने ढवळा. फिरत्या मिक्सरमध्ये जास्त वेळ ठेवल्यास पेस्ट तापते आणि गुठळ्या होऊ लागतात, त्या नंतर फुटत नाहीत.

स्टेन्सिलची खिडकी चिपपेक्षा प्रत्येक बाजूला ०.१ ते ०.२ मिमी मोठी ठेवा, म्हणजे आपल्या चिपसाठी ५.२ ते ५.४ मिमी. छापलेल्या थराच्या कडा बसक्या असतात. त्या चिपखाली आल्या तर कोपऱ्यांना दाबच मिळत नाही, आणि तापमानाच्या चक्रांत जोड सुटायला सुरुवात होते ती कोपऱ्यांतूनच. मात्र खिडकी याहून मोठी करू नका. चिपबाहेरची चांदी दाबाविना भुसभुशीत राहते, तिचे तुकडे सुटून दुसरीकडे शॉर्ट करू शकतात. ओल आणि विद्युतदाब एकत्र आले की चांदी पृष्ठभागावरून पसरत जाते, हाही धोका आहेच.

स्क्वीजीचा कोन ६० अंश, वेग २० ते ५० मिमी प्रति सेकंद. स्टेन्सिल उचलताना घाई नको, नाहीतर कडांवर कान उभे राहतात. प्रेसमध्ये पहिला दाब हे कान खातात आणि मधला भाग उपाशी राहतो. १०० मायक्रॉनचा ओला थर सुकल्यावर साधारण ५० ते ६० आणि सिंटर झाल्यावर २५ ते ३५ मायक्रॉन उरतो. प्रत्येक पेस्टचे प्रमाण थोडे वेगळे असते, तेव्हा पहिल्या काही नमुन्यांची तिन्ही टप्प्यांवर उंची मोजून स्वतःचा तक्ता बनवा.

सुकवणी

सगळ्या पद्धतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी आणि सर्वांत कमी लक्ष दिली जाणारी पायरी ही. हेतू एवढाच की द्रावक पूर्ण जावा आणि कण मात्र अजून जुळू नयेत. बहुतेक पेस्टसाठी १०० ते १४० अंशांवर १० ते ३० मिनिटे हा पट्टा असतो. उत्पादकाच्या पत्रकातला आकडा सुरुवातीला घ्या, पण तो आपल्या ओव्हनला आणि आपल्या छपाईच्या आकाराला लागू पडतो का ते स्वतः तपासा.

तपासणी काट्यावर होते. सबस्ट्रेटचे वजन छपाईआधी, छपाईनंतर आणि सुकवल्यावर घ्या. आपल्या उदाहरणात सहा ठशांची मिळून ओली पेस्ट सुमारे ८० मिलिग्रॅम भरते. पेस्टमध्ये वजनाने ८५ टक्के चांदी असेल, तर १२ मिलिग्रॅमच्या आसपास घट दिसायला हवी. मग आणखी ५ मिनिटे सुकवून पुन्हा मोजा. वजन हलले नाही तर सुकवणी पूर्ण झाली.

द्रावक उरला तर प्रेसमध्ये त्याची वाफ होते. चिपखालून बाहेर पडताना ती थरात नाल्या कोरते किंवा पेस्ट कडेने बाहेर फेकते. उलट जास्त सुकवले, म्हणजे १६० अंशांच्या वर नेले किंवा तासभर ठेवले, की थराचा रंग मंद राखाडीवरून चमकदार पांढुरक्याकडे झुकतो. कण जुळू लागल्याची ती खूण आहे. अशा थरावर चिप चिकटत नाही. तापमान झपाट्याने चढवले तर थरावर सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. बारीक भेगा दाबाखाली मिटतात, रुंद भेगा मिटत नाहीत. मिनिटाला ५ अंशांच्या आसपास चढ ठेवला की हा त्रास सहसा होत नाही. ओव्हनमध्ये हवा खेळती हवी. बंद डब्यात वाफ तिथेच घुटमळते, आणि काम करणाऱ्याच्या श्वासात जाऊ नये म्हणून बाहेर काढणारी नळीही असावी.

चिप ठेवणे

सुकलेला थर चिकट नसतो, म्हणून चिप उष्णता आणि थोड्या दाबाने बसवावी लागते. सबस्ट्रेट १०० ते १३०, हेड १३० ते १५० अंश, चिपवर १ ते ३ मेगापास्कल दाब, अर्धा ते दोन सेकंद. १ मेगापास्कल म्हणजे १ न्यूटन प्रति चौरस मिमी, तेव्हा २५ चौरस मिमीच्या चिपवर २ मेगापास्कलसाठी ५० न्यूटन लागतात. नंतर सबस्ट्रेट उभा धरून हलके टिचकवा. चिप सरकली नाही तर पुढे जा.

चिप एकदा टेकल्यावर सरकवून जागेवर आणू नका. खालचा थर खरवडतो आणि ती जागा पोकळ राहते.

प्रेसचा हिशेब आणि समतलपणा

सहा चिप्सचे क्षेत्रफळ १५० चौरस मिमी. २० मेगापास्कलसाठी ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०६ किलोचा भार. साध्या हायड्रॉलिक प्रेसवर हे करायला निघालात तर गेजचा हिशेब आधी मांडा. ५० मिमी व्यासाच्या रॅमचे (तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्याचे) क्षेत्रफळ १९६३ चौरस मिमी, म्हणजे तेलाचा दाब फक्त १५.३ बार लागतो. गेज ० ते २५० बारचे आणि एक रेघ ५ बारची असेल, तर एका रेघेच्या चुकीने चिपवरचा दाब साडेसहा मेगापास्कलने बदलतो. असा गेज या कामाला निरुपयोगी आहे. लोड सेल बसवा.

भार बरोबर असला तरी तो सहाही चिप्सवर सारखा पडतो का, हा खरा प्रश्न. सपाट कठीण पंच (चिपवर दाबणारा भाग) सर्वांत उंच चिपवर आधी टेकतो. छपाईत १० मायक्रॉनचा फरक असेल, तर एका चिपला दुप्पट दाब आणि दुसरीला जवळजवळ काहीच नाही असे होऊ शकते. यावर दोन उपाय आहेत. एक, पंच आणि चिप यांच्यात उष्णता सोसणारी सिलिकोन रबरची गादी. ती दाब पसरवते, पण रबर चिपच्या कडांवरून खाली उतरते आणि कालांतराने बसते, म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर बदलावी लागते. दुसरा, प्रत्येक चिपसाठी स्वतंत्र सरकता पंच. हा महाग, पण वेगवेगळ्या जाडीचे भाग एकाच सबस्ट्रेटवर असतील तर त्याला पर्याय नाही.

प्रेस थंड असताना दाब दाखवणाऱ्या फिल्मवर डमी चिप्स दाबून पाहा. सहाही चौकोन एकाच गडदपणाचे आणि कोपऱ्यांपर्यंत भरलेले दिसले पाहिजेत. एका बाजूला फिके पडत असतील तर प्लेट तिरकी आहे. ती सरळ केल्याशिवाय पुढचा एकही प्रयोग करू नका, कारण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचाच असेल.

सबस्ट्रेटची खालची बाजू पूर्ण टेकलेली हवी. खाली अडकलेला चांदीचा एक कण किंवा तांब्याची बारीक बर (कापताना राहिलेली धारदार कड) सिरॅमिकला तडा द्यायला पुरेशी आहे. ॲल्युमिना या बाबतीत नाजूक, सिलिकॉन नायट्राइड बरेच सोशिक. प्रत्येक फेरीआधी दोन्ही प्लेट लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

चिपच्या वर प्रत्येक वेळी नवी पीटीएफई फिल्म टाका. जुन्या फिल्मवर चांदीचे कण रुतलेले असतात आणि ते पुढच्या चिपच्या गेटवर (चिप चालू-बंद करणाऱ्या टोकावर) दाबले जातात. पीटीएफई सलग वापराला २६० अंशांपर्यंत चालते. दिसायला तशीच असणारी एफईपी या दुसऱ्या प्लास्टिकची फिल्म त्याच सुमारास वितळते, तेव्हा गुंडाळीवरचे नाव वाचून घ्या.

प्रत्यक्ष सिंटरिंग

तापमान प्लेटवर नव्हे, चिपखाली मोजा. थर्मोकपल डमी चिपच्या कडेला टेकवून एक फेरी चालवा. प्लेटच्या आकड्यात आणि जोडाच्या तापमानात १० ते २० अंशांचा फरक सहज निघतो.

गरम प्रेसची सुरुवातीची रेसिपी अशी: दोन्ही प्लेट अशा सेट करा की जोड २५० अंशांवर येईल. सबस्ट्रेट खालच्या प्लेटवर ठेवा, १० सेकंदांच्या आत वरची प्लेट टेकवा, पुढच्या ५ ते १० सेकंदांत दाब सरळ रेषेत २० मेगापास्कलपर्यंत न्या, १८० सेकंद धरा, मग हळू सोडा. सबस्ट्रेट गरम प्लेटवर ठेवून फिल्म शोधत बसलात, तर वर सांगितलेली गोष्ट घडते: दाबाविना माना तयार होतात आणि थर सच्छिद्रच राहतो. सगळे साहित्य आधी हाताशी मांडून ठेवा. उलट दाब एका झटक्यात दिला तर चिप तडकते.

प्रयोगशाळेतल्या प्रेसवर हे वेगाने जमत नसेल, तर १०० अंशांखालीच पूर्ण दाब द्या आणि दाबाखालीच तापमान चढवा. फेरीला वेळ लागतो, पण परिणाम भरवशाचा येतो. शिकण्यासाठी मी हीच वाट सुचवेन.

तांबे उघडे असेल तर नायट्रोजनमध्ये काम करा आणि १०० अंशांच्या खाली येईपर्यंत बाहेर काढू नका. चांदी-चांदी जोडीला हवा चालते, उलट अनेक पेस्टना ती हवीच असते.

रेसिपी सुधारताना एका वेळी एकच गोष्ट बदला: दाब १०, १५, २०, मग वेळ ६०, १८०, ३०० सेकंद. एका टप्प्यानंतर घनता वाढायची जवळजवळ थांबते. त्यापुढचा दाब फक्त चिप आणि सिरॅमिकचा धोका वाढवतो.

जोड तपासणे

पहिली चाचणी चिप आडवी ढकलून तोडण्याची. चांगल्या दाबाच्या जोडाला ४० मेगापास्कलच्या वर ताकद मिळते. पण ५ × ५ मिमीच्या चिपसाठी याचा अर्थ १००० न्यूटन, आणि अनेक चाचणी यंत्रांची मर्यादा तिथेच संपते. म्हणून चाचणीला ३ × ३ मिमीचे डमी घ्या, ३६० न्यूटनमध्ये काम होते. एमआयएल-एसटीडी-८८३ या अमेरिकी लष्करी मानकातील २०१९ क्रमांकाच्या पद्धतीत मोठ्या चिपसाठी किमान भार २.५ किलोचा आहे. आपल्या चिपवर तो जेमतेम १ मेगापास्कल होतो. त्या निकषावर उतरलेला सिंटर जोड चांगला आहे असे मानू नये.

आकड्याइतकेच तुटलेल्या पृष्ठभागाकडे पाहा. दोन्ही बाजूंना चांदी चिकटलेली आणि ताणलेले टोकदार कण दिसत असतील, तर थर स्वतः तुटला, म्हणजे पृष्ठभागांची पकड उत्तम होती. चिपचेच तुकडे होऊन खाली चिकटून राहिले तर आणखी चांगले. एक बाजू स्वच्छ आरशासारखी सुटली, तर दोष त्या बाजूच्या लेपात किंवा सफाईत आहे, आणि दाब वाढवून तो जाणार नाही. मधे चांगला आणि कोपऱ्यांना पावडर असेल, तर छपाईच्या कडा किंवा गादी तपासा. नाल्या दिसल्या तर सुकवणीकडे परत जा.

ध्वनिलहरींच्या सूक्ष्मदर्शकात सुटलेला भाग पांढरा दिसतो. ही तपासणी पाण्यात होते आणि पाणी जोडाच्या कडेच्या छिद्रांत शिरते, तेव्हा नंतर १२० अंशांवर अर्धा तास वाळवा. एक्स-रेवर मात्र फार विसंबू नका. सूक्ष्म छिद्रे त्यात दिसत नाहीत, आणि चिकटून असलेला पण न जुळलेला थरही त्यात चांगलाच दिसतो.

आडवा छेद घेताना चांदी मऊ असल्याने पॉलिशमध्ये छिद्रे पुसली जातात आणि थर आहे त्यापेक्षा दाट दिसतो. शेवटचा टप्पा आयन किरणांनी घासून घ्या. दाबाखालच्या जोडात १० ते २० टक्के सच्छिद्रता सामान्य आहे. खऱ्या चिप्सवर गेट-सोर्स गळती (या दोन टोकांमधून निसटणारा प्रवाह) आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज (चिप चालू होऊ लागते तो विद्युतदाब) प्रेसच्या आधी आणि नंतर मोजा. बारीक तडा डोळ्यांना दिसण्याआधी गळतीत दिसतो.

त्यानंतर उणे ४० ते अधिक १५० अंशांची तापमानचक्रे. चांदीचा प्रसरणांक १९, तांब्याचा १७, सिलिकॉन कार्बाइडचा सुमारे ४ भाग प्रति दशलक्ष प्रति अंश. हा फरक सोल्डर मऊपणाने रिचवतो. दाट चांदी तेवढी लवत नाही आणि ताण चिपवर किंवा सबस्ट्रेटच्या तांब्यावर ढकलते. चिप मोठी असेल तर जोड शाबूत राहून तांबे सिरॅमिकपासून उचलले जाऊ शकते. म्हणून चक्रांनंतरच्या तपासणीत चिपखालचा थर पाहिल्यावर त्याखालची तांबे आणि सिरॅमिक यांच्यामधली सीमाही त्याच वेळी तपासून घ्या.